गोठ्यापर्यंत पोचलेला संशय

दौंड तालुक्यातल्या भांडगावातून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. पुण्याकडे तोंड करून निघालं की आधी यवत येतं, मग उरुळीकांचन. या उरुळीत मणिभाई देसाईंनी 1967 साली 'बायफ' ही संस्था उभी केली आणि होल्स्टीन व जर्सी वळूंचं गोठित वीर्य वापरून गावठी गाईंचा संकर करण्याचं काम हाती घेतलं. त्या कामाचा परिणाम आज दौंड-शिरूरच्या कुठल्याही गोठ्यात दिसतो. वशिंडाची खिलार आता बैलजोडीपुरती आणि शर्यतीपुरती उरली आहे; डेअरीला जाणारं दूध काळ्या-पांढऱ्या एचएफ (म्हणजे होल्स्टीन) संकरित गाईचं असतं आणि त्याचा भाव फॅट व एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) यांच्या आकड्यांवर ठरतो. आता या गोठ्याशी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या एका शास्त्रज्ञाचा संबंध कसा जुळतो ते पाहू. हाराल्ड त्सूर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असल्याचं दाखवल्याबद्दल. त्यानंतर चार वर्षांनी त्यांनी दुसरा संशय मांडला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमागेही संसर्ग असावा आणि तो युरोपीय वंशाच्या, म्हणजे वशिंड नसलेल्या गाईच्या मांसातून येत असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्यांनी दुधालाही या संशयात ओढलं. ते बरोबर असतील, तर हा प्रश्न हायडेलबर्गइतकाच भांडगावचाही आहे. मला हा संशय गंभीरपणे घेण्याजोगा वाटतो आणि तरीही तो आजच्या पुराव्यावर टिकत नाही असं माझं मत आहे. त्याची कारणं समजून घेताना कॅन्सर आणि विषाणू यांचं नातं सिद्ध करायला नेमकं काय लागतं, तेही कळतं.

विषाणूंनी कॅन्सर होतो, यात आता वाद उरलेला नाही. पेटन राऊस यांनी 1911 मध्ये कोंबडीच्या गाठीचा अर्क गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही गाठ आली. त्यांना त्याचं नोबेल मिळायला 1966 उजाडलं, यावरून या कल्पनेला किती विरोध होता ते समजावं. त्यानंतर एपस्टाइन-बार, हिपॅटायटिस बी आणि सी, एचपीव्ही अशी यादी वाढत गेली. अगदी अलीकडे, 2008 मध्ये, त्वचेच्या एका दुर्मीळ कॅन्सरमागचा मर्केल सेल पॉलिओमा विषाणू सापडला. 2018 साली जगभरात नव्यानं झालेल्या कॅन्सरपैकी सुमारे 13 टक्के, म्हणजे 22 लाख कॅन्सर संसर्गामुळे झाले, असा अंदाज आहे. त्यांत सर्वांत मोठा वाटा मात्र विषाणूचा नाही. तो हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूचा आहे. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

विषाणूनं कॅन्सर 'केला' हे कशावरून म्हणायचं, याचा एक चांगला धडा आपल्याला याच महामार्गानं सोलापूरकडे गेल्यावर मिळतो. बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तिचं क्षेत्र. शहरातल्या नोंदणीत रुग्णालयांच्या फायली तपासल्या की बरंचसं काम होतं. इथे माणसं रुग्णालयात पोचायचीच नाहीत, म्हणून कर्मचारी गावोगाव फिरून, लोकांशी बोलून रुग्ण शोधायचे. या नोंदणीतून दोन गोष्टी ठळक दिसल्या. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वांत पुढे होता, आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर अत्यंत कमी होता. पहिल्या गोष्टीवर पुढे मोठं काम झालं. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायकांना चार गटांत विभागून तपासणीची तीन तंत्रं जोखली गेली आणि चौथा गट नेहमीच्या व्यवस्थेवर सोडला गेला. सुमारे आठ वर्षांनंतर, ज्या गटात एकदाच एचपीव्हीची चाचणी करून गरजेप्रमाणे उपचार केले होते, त्यातल्या 34,126 बायकांत या कॅन्सरनं 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या 31,488 बायकांत 64. म्हणजे जवळजवळ निम्मे. (तपासणी न देता बायकांचा एक गट नुसता पाहत राहणं योग्य होतं का, यावर नंतर कडक टीका झाली आणि ती अस्थानी नव्हती.) हा निकाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर 2020 साली स्वीडनमधून आलेला पुरावा आणखी थेट आहे: वयाच्या सतराव्या वर्षाआधी एचपीव्हीची लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर 88 टक्क्यांनी कमी झाला.

एचपीव्हीबाबत पुराव्याची साखळी कशी पूर्ण होते ते पाहा. जवळजवळ प्रत्येक गाठीत विषाणू सापडतो. तो गाठीच्या प्रत्येक पेशीत असतो, आजूबाजूच्या एखाददुसऱ्या पेशीत नव्हे. त्याचे ई-6 आणि ई-7 हे दोन जनुक पेशीचे दोन रक्षक, पी-53 आणि आरबी, निकामी करतात आणि ते जनुक बंद पाडले की प्रयोगशाळेतल्या कॅन्सरपेशी वाढायच्या थांबतात. संसर्ग आधी होतो, कॅन्सर कित्येक वर्षांनी. आणि संसर्गच होऊ दिला नाही, तर कॅन्सर होत नाही. यातलं शेवटचं कलम सगळ्यांत वजनदार. तैवाननं 1984 मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकात तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला, हाही त्याच जातीचा पुरावा. मोठ्या आतड्यासाठी जो कोणी विषाणू पुढे करेल, त्याला याच मापानं मोजायला हवं.

आतड्याच्या कॅन्सरसाठी आजवर तीन विषाणूंची नावं गांभीर्यानं घेतली गेली. पहिला जेसी विषाणू. 1971 साली मेंदूच्या एका दुर्धर आजाराच्या रुग्णात तो सापडला. 1999 मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं मोठ्या आतड्याच्या गाठींमध्ये या विषाणूच्या टी-अँटिजेनचा जनुक सापडल्याचं जाहीर केलं. हे लक्ष वेधणारं होतं, कारण हे प्रथिन पी-53 आणि आरबीला अडकवून ठेवतं, म्हणजे एचपीव्हीसारखंच वागतं. पण नंतर इतरांनी तेच शोधलं तेव्हा काहींना बहुतेक गाठींत विषाणू मिळाला, तर काहींना जवळपास कुठेच मिळाला नाही. दुसरा सायटोमेगॅलो विषाणू, ज्याची प्रथिनं 2002 मध्ये आतड्याच्या गाठींत आणि मस्स्यांत दिसल्याचा दावा झाला. तिसरा खुद्द एचपीव्ही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2012 साली जेसी विषाणूची छाननी करून त्याला 'कॅन्सरकारक असण्याची शक्यता आहे' या खालच्या पायरीवर ठेवलं. एचपीव्हीसारख्या सिद्ध कारणांची पायरी त्याच्या बरीच वर आहे.

एकाच विषाणूबद्दल निकाल इतके विखुरलेले का, हे पीसीआर या तंत्राकडे जवळून पाहिलं की समजतं. पीसीआरमध्ये डीएनएचा ठरावीक तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. दहा फेऱ्यांत एकाचे हजार, वीस फेऱ्यांत दहा लाख, तीस फेऱ्यांत जवळपास 107 कोटी. हेच त्याचं बळ आहे आणि हीच त्याची खोट. टेबलावर, पिपेटच्या टोकाला किंवा शेजारच्या नळीत चुकून राहिलेला एकच तुकडा तीस-चाळीस फेऱ्यांनंतर भरघोस उत्तर देतो. त्यात जेसी विषाणू आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणीच कधीतरी होऊन गेलेला असतो; तो मूत्रपिंडात मुक्काम करतो, लघवीतून बाहेर पडतो आणि शहरांच्या सांडपाण्यात सर्रास सापडतो. जे सगळ्यांच्याच अंगात आहे आणि पाण्यातून पुन्हापुन्हा पोटात जाऊ शकतं, ते आतड्यात 'सापडलं' याला किती महत्त्व द्यायचं? सायटोमेगॅलोचंही तसंच. हा विषाणू अंगात दबा धरून बसतो आणि सुजलेल्या, जखमी आतड्यात पुन्हा जागा होतो; अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत डॉक्टरांना हे नेहमी दिसतं. गाठीभोवतीचं आतडं सुजलेलंच असतं. त्यामुळे तिथे हा विषाणू दिसला, तरी तो आधी आला की गाठीच्या मागोमाग, हे नुसत्या उपस्थितीवरून सांगता येत नाही.

एचपीव्हीच्या बाबतीत गोंधळाचं आणखी एक कारण शरीररचनेत आहे. गुदद्वाराचा कॅन्सर खरोखरच एचपीव्हीमुळे होतो, दहातले नऊ या प्रमाणात, आणि त्यावर लसीचा उपयोगही आहे. पण गुदद्वाराच्या नळीचं अस्तर चपट्या पेशींचं असतं, कातडीच्या जातीचं, आणि त्याच्या वर काही सेंटिमीटरवर गुदाशय सुरू होतं तिथे अस्तर बदलून ग्रंथींचं होतं. एचपीव्ही चपट्या पेशींच्या तळच्या थरात घर करतो. ग्रंथींच्या अस्तरात त्याला तसं घर मिळत नाही. हे दोन वेगळे कॅन्सर आहेत, उपचारही वेगळे. वर्तमानपत्रातल्या बातमीत मात्र दोन्ही एकाच 'आतड्याच्या' खात्यात जमा होतात आणि एकाचा सिद्ध पुरावा दुसऱ्याच्या नावावर चढतो.

पीसीआरवर अवलंबून न राहता शोधण्याचा मार्ग आता उपलब्ध आहे. गाठीतलं सगळं जनुकीय साहित्य वाचायचं, त्यातून माणसाचं वजा करायचं आणि उरलेल्यात काय आहे ते पाहायचं. मर्केल सेल विषाणू याच वजाबाकीतून हाती लागला. 2013 मध्ये 19 प्रकारच्या 4,433 गाठी अशा तपासल्या गेल्या. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय गटानं 2,658 कॅन्सरचे संपूर्ण जीनोम चाळले. गर्भाशयमुखात एचपीव्ही, यकृतात हिपॅटायटिस बी, जठराच्या काही गाठींत एपस्टाइन-बार असे ओळखीचे गुन्हेगार अपेक्षित जागी ठळकपणे मिळाले, म्हणजे जाळं नीट विणलेलं होतं. मोठ्या आतड्याच्या गाठींत मात्र असा एकही विषाणू नियमानं मिळाला नाही. कुणी म्हणेल, आजवर माहीतच नसलेला, कुठल्याच ज्ञात विषाणूशी न जुळणारा विषाणू या वजाबाकीतूनही निसटेल. निसटू शकतो. पण तोवर आणखी एक साक्ष विचारात घ्यावी लागते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली की विषाणूजन्य कॅन्सर उसळी घेतात: कापोसी सार्कोमा, लिम्फोमा, गर्भाशयमुखाचा, गुदद्वाराचा. 2007 साली जगभरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली तेव्हा एचआयव्ही असलेल्यांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत तो थोडा वाढलेला होता, पण विषाणूजन्य कॅन्सरांच्या मानानं किरकोळ. प्रतिकारशक्तीनं आवरून धरलेला विषाणू या कॅन्सरचं मुख्य कारण असता, तर ती सैल पडल्यावर चित्र असं राहिलं नसतं.

यावर सगळ्यांत हुशार आक्षेप असा की विषाणू घाव घालून पळून जात असेल. म्हणजे सुरुवातीला तो पेशीचा डीएनए बिघडवतो आणि गाठ होईपर्यंत स्वतः नाहीसा होतो; मग गाठीत तो सापडणार कसा? ऐकायला हे पटतं. पण असा दावा जर कुठल्याच पुराव्यानं खोटा ठरवता येत नसेल, तर त्याचा उपयोग काय? सुदैवानं तो काही अंशी तपासता येतो, कारण पळून गेलेला गुन्हेगारही डीएनएवर ठसे ठेवून जातो. उन्हाचा ठसा वेगळा, तंबाखूचा वेगळा. विषाणूंशी लढताना पेशी जी एपोबेक विकरं वापरते, त्यांचाही ओळखू येईल असा ठसा असतो. गर्भाशयमुखाच्या गाठींत तो ठळक आहे, मोठ्या आतड्याच्या गाठींत फिका. आणि या आतड्यात असा ठसा खरोखर सापडला, तेव्हा तो निघाला जिवाणूचा. ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आतड्याच्या पेशींचे छोटे गोळे या जिवाणूच्या सान्निध्यात पाच महिने वाढवले आणि 2020 मध्ये दाखवलं की त्या पेशींच्या डीएनएत ठरावीक नमुन्याचे बदल होतात. तोच नमुना रुग्णांच्या गाठींत मिळाला. 2025 मध्ये 11 देशांतल्या 981 गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांमध्ये हा ठसा सत्तरीपुढच्यांच्या तुलनेत 3.3 पट जास्त होता. गाठ निघाली त्या वेळी तो जिवाणू तिथे असेलच असं नाही. त्याचं काम बहुधा बालपणीच उरकलेलं असतं. घाव घालून पळणारा संसर्ग म्हणतात तो असा पकडला जातो. त्या अकरा देशांत भारत नव्हता, ही उणीव आपल्याला बोचायला हवी.

म्हणून आतड्याच्या कॅन्सरला संसर्गाशी काहीच देणंघेणं नाही, असं माझं म्हणणं नाही. तोंडात राहणारा फ्यूझोबॅक्टेरियम हा जिवाणूही 2011-12 पासून आतड्याच्या गाठींत पुन्हापुन्हा मिळतो आहे. आणि विषाणूंना या कथेत मागच्या दारानं प्रवेश मिळू शकतो: जिवाणूंना लागण करणारे विषाणू, म्हणजे फाज. तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला जाते ती भांडगाववरूनच, आणि एके काळी वारीच्या वाटेवर कॉलऱ्याचं भय होतं. कॉलऱ्याच्या जिवाणूचं घातक विष मुळात त्याचं स्वतःचं नव्हे. त्या विषाचा जनुक एका फाजनं जिवाणूत आणून ठेवलेला आहे, हे 1996 मध्ये कळलं. आतड्यातले फाज असंच काही करत असतील, निरुपद्रवी जिवाणूला उपद्रवी करत असतील, हे शक्य आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांना 2018 मध्ये कॅन्सर असलेल्यांच्या आणि निरोगी माणसांच्या आतड्यातल्या विषाणूंच्या गोतावळ्यात फरक दिसला आणि तो फरक करणारे विषाणू मुख्यतः फाजच होते. तो फरक कारण आहे की परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. तरी पैज लावायचीच झाली, तर मी जेसी विषाणूपेक्षा फाजवर लावीन.

आता गाईकडे. त्सूर हाउझेन यांचं निरीक्षण साधं होतं. लाल मांस खाल्ल्यानं मोठ्या आतड्याचा कॅन्सर वाढतो, आणि त्याचं कारण भाजताना तयार होणारी रसायनं असं सांगितलं जातं. पण भाजलेल्या कोंबडीत आणि मासळीतही ती रसायनं असतात, मग त्यांनी धोका का वाढत नाही? मंगोलियात मांस भरपूर खातात, तरी तिथे हा कॅन्सर कमी. भारतात कमी. जपान-कोरियात गोमांस आणि दूध आहारात शिरल्यावर तो वाढला. जिथे युरोपीय वंशाची गाय, तिथे कॅन्सर, असा नकाशा त्यांना दिसला. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकारी-पत्नी एटेल-मिशेल द व्हिलिये यांनी गाईच्या रक्तातून व दुधातून डीएनएची छोटी वर्तुळं वेगळी केली. ती ना धड विषाणू, ना धड जिवाणूतलं प्लास्मिड. बाळाला फार लवकर वरचं दूध सुरू झालं की ही वर्तुळं शरीरात ठाण मांडतात, आतड्याच्या भिंतीत वर्षानुवर्षं मंद सूज ठेवतात आणि पन्नास-साठ वर्षांनी कॅन्सर होतो, असा त्यांचा सिद्धान्त. 2021 मध्ये त्यांच्या गटानं आतड्याच्या गाठींशेजारच्या भक्षक पेशींत या वर्तुळांचं प्रथिन दिसल्याचं मांडलं. जर्मनीच्या सरकारी जोखीम मूल्यमापन संस्थेनं मात्र 2019 मध्येच सांगितलं होतं की हाती असलेल्या माहितीवरून धोका ठरवता येत नाही आणि लोकांनी दूध-मांस खाण्यात बदल करण्याची गरज नाही. त्सूर हाउझेन 2023 मध्ये गेले. सिद्धान्त तिथेच अडकला आहे.

दुधाच्या बाबतीत तर पुरावा त्यांच्या उलट बाजूला झुकतो. दूध आणि कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी होतो, हे अनेक देशांत दिसलं आहे. 2025 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 5,42,778 ब्रिटिश बायकांचा अभ्यास मांडला: रोज 300 मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त, म्हणजे पेलाभर दूध, तर धोका 17 टक्के कमी. ते दूध तर अस्सल वशिंड नसलेल्या गाईंचंच होतं. त्सूर हाउझेन यांच्या बाजूनं असं म्हणता येईल की नुकसान तान्हेपणी होतं आणि मोठेपणचं कॅल्शियम वेगळ्या वाटेनं फायदा करतं. तार्किकदृष्ट्या ते शक्य आहे. पण मग सिद्धान्ताला दर वेळी नवी सूट द्यावी लागते. भांडगावच्या घरात दूध आणल्याआणल्या उकळतं, सकाळ-संध्याकाळ पुन्हा तापतं. अर्धकच्च्या बीफस्टेकमध्ये जे टिकतं ते या पातेल्यात कितपत टिकेल, हाही प्रश्नच आहे.

भारतातला कमी दर हा त्यांच्या सिद्धान्ताचा आधार होता, म्हणून तोही तपासायला हवा. भारतात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण लाखामागे पाचच्या आसपास आहे. पश्चिम युरोपात, ऑस्ट्रेलियात तिसाच्या आसपास. काहींना वाटतं की खेड्यात कोलोनोस्कोपी होत नाही, म्हणून रुग्ण दिसत नाहीत. हे काही अंशी खरं असेल. पण मुंबईत 1964 पासूनच्या नोंदी आहेत, टाटा मेमोरियल तिथेच आहे, आणि तिथेही दर पाश्चात्त्य शहरांपेक्षा बराच खाली राहिला. म्हणजे फरक खरा आहे. फक्त त्या फरकाचं श्रेय वशिंडाला द्यायचं, की ज्वारीच्या भाकरीला, शेतातल्या कष्टाला, सडपातळ अंगाला, कमी मांसाला? देशादेशांची तुलना करताना हे सगळं एकत्रच बदलतं आणि मनाला येईल तो धागा उचलता येतो. गाईच्या वंशाचा नकाशा आणि कॅन्सरचा नकाशा जुळला, तसा मोटारींचा नकाशाही जुळला असता.

दौंड-शिरूरचा पट्टा या प्रश्नात महत्त्वाचा ठरतो तो इथेच. इथे गोमांस खाणारे थोडे. राज्यात गोवंशहत्येवर बंदी आहे. भाकरी बरीचशी टिकून आहे. गाय मात्र बदलली, आणि कधी बदलली ते ठाऊक आहे. सत्तरच्या दशकापासून संकरित दूध इथल्या आणि पुण्याच्या बाळांच्या पोटात जात आहे. त्या बाळांची पहिली पिढी आत्ताच पन्नाशी गाठते आहे. सिद्धान्ताच्या स्वतःच्या हिशोबानं परिणाम दिसायला सुरुवात व्हायची वेळ आता आली आहे. अडचण अशी की पुण्याची नोंदणी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शहरी भागापुरती; दौंडची गावं तिच्याबाहेर. शिवाय त्याच पन्नास वर्षांत साखर कारखाने, दुचाकी, वडापाव, पोटाचा घेर हे सगळंच वाढलं. उद्या इथे आतड्याचे रुग्ण वाढलेले दिसले, तरी त्याचा दोष एचएफ गाईवर टाकता येणार नाही. तरुण रुग्णांचीही आकडेवारी जपून वाचावी. टाटा मेमोरियलला येणाऱ्या आतड्याच्या कॅन्सर रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत आहे, यावरून 'भारतात हा तरुणांचा आजार' अशी हाकाटी होते. पण जिथे लोकसंख्याच तरुण आणि म्हाताऱ्यांमधला दर कमी, तिथे रुग्णांत तरुण जास्त दिसणारच. चाळिशीतल्या माणसाच्या शौचातून रक्त पडलं की मूळव्याध समजून महिनोन्महिने लेप आणि चूर्ण चालू राहतं, ही त्यातली खरी काळजीची बाब. तिला विषाणूची गरज नाही.

मग सिद्धान्त तपासायचा कसा? तपासणीची बरीचशी सोय शिरूर तालुक्यातच आहे. वढू इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र 2002 पासून 22 गावांतल्या घराघरांतले जन्म, मृत्यू, स्थलांतर नोंदवत आलं आहे. रोटाव्हायरसवरच्या भारतीय लसीची मोठी चाचणी ज्या तीन ठिकाणी झाली, त्यांत वढू होतं. तान्ह्या बाळांच्या आतड्यातला विषाणू मोजायचं काम या गावांना नवं नाही. त्याच केईएमनं 1993 पासून पुण्याभोवतालच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आहार तपशीलवार लिहून ठेवला, त्यात दूधही होतं, आणि त्यांच्या सातशेहून अधिक मुलांचा माग आजवर ठेवला, वेळोवेळी त्यांचं रक्त तपासलं. ती मुलं आता तिशीत आहेत. एवढ्या लोकांत या आजाराचे रुग्ण येत्या दहा-वीस वर्षांत एकदोन निघाले तरी पुष्कळ, त्यामुळे कॅन्सरचा निकाल त्यांच्यावरून लागणार नाही. पण त्याच्या आधीची पायरी सातशे जणांवरही चढता येते: लहानपणी एचएफचं दूध प्यायलेल्यांच्या रक्तात त्या डीएनए वर्तुळांविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का, आणि घरच्या म्हशीच्या किंवा खिलार गाईच्या दुधावर वाढलेल्यांत ती नाहीत का? दोन्हींकडे सारखीच निघाली, तर गाईच्या वंशाचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. फरक दिसला, तर बार्शीसारखी गावोगाव फिरणारी नोंदणी दौंड-शिरूरलाही हवी आणि ती निदान तीस वर्षं चालायला हवी.